लाल की पांढरं

डोरीनने कार्नेशनच्या फुलाचा देठ बोटभर ठेवून बाकीचा कापला आणि पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीतून तार आरपार ओवली. तारेची दोन्ही टोकं खाली वळवून ती हिरवी चिकटपट्टी गुंडाळू लागली.

"ताणून धर की ती!" समोर बसलेली अल्विना म्हणाली. "जावयाच्या पायाला मलमपट्टी करतेयस का? अशानं प्रार्थना संपायच्या आत फूल मान टाकेल, आणि शिव्या कुणाला? दुकानाला."

डोरीनला हसू आलं. फुलांचं हे दुकान अल्विनानेच उभं केलं होतं, तारेचं काम डोरीनला, आपल्या लेकीला, तिनंच शिकवलं होतं. बोटांना अजून सारं आठवत होतं. लेक तेवढी आठवत नव्हती. "आई" अशी हाक मारली की ती दाराकडे बघायची, आपलीच आई आली असेल म्हणून.

दुपारी डोरीन तिला नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात सोडणार होती. बॅग गाडीत ठेवून झाली होती. त्याआधी मातृदिनाच्या प्रार्थनेला दोघींनी शेजारी बसायचं, आणि एकदाच तिच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं. रोज पहाटे गुडघे टेकून डोरीन देवाकडे तेवढंच मागत होती.

ओहायोतल्या त्या लहानशा गावात मातृदिनाला छातीवर फूल लावल्याशिवाय कुणी चर्चची पायरी चढत नसे. आई हयात असेल तर लाल, नसेल तर पांढरं.

"माझं लालच ना गं ते?" अल्विनाने विचारलं.

"हो, लालच."

अल्विनाची आई जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. गेल्या आठवड्यात डोरीनने खरं ते सांगून पाहिलं, तर बातमी आत्ताच आल्यासारखी ती दिवसभर लहान मुलासारखी रडली. दुसऱ्या दिवशी विसरली, आणि पुन्हा आईची वाट बघू लागली. आज सकाळी डोरीनने खोट्याबद्दल देवाची क्षमा मागितली होती आणि बादलीतून लाल फूल काढलं होतं.

नेच्याचं पान मागे जोडून तिने ते फूल अल्विनाच्या कोटावर टाचलं. मग स्वतःसाठी तार उचलली. अल्विनाने ती हातातून काढूनच घेतली.

"आपलं आपणच करतात का कुठं? आण इकडे." दरवर्षी दोघी एकमेकींचं करत आल्या होत्या. "तुझं लाल की पांढरं?"

गिऱ्हाइकाला विचारायची तसंच, मऊ आवाजात. डोरीनने तोंड उघडलं. मग तसंच मिटलं. समोरचे डोळे तिच्याकडे मायेनं बघत होते, परक्या बाईकडे बघावं तसे.

अल्विनाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. जे गिऱ्हाईक गप्प राहतं त्याच्यासाठी मुकाट्याने पांढरं उचलावं, हे तिनंच लेकीला दुकानात पहिल्यांदा उभं करताना सांगितलं होतं. तिचा हात लाल फुलांवरून पुढे गेला. पांढऱ्यांतलं एक तिने निवडलं, तार ओवली, पट्टी बोटांच्या उबेनं ताणत ताणत गुंडाळली. कुठं घडी नाही, कुठं गाठ नाही. मग मोत्याच्या डोक्याची टाचणी डोरीनच्या कोटात खुपसताना टोक टोचू नये म्हणून आतून स्वतःचं बोट धरलं.

"पहिलं वर्ष फार जड जातं, पोरी," ती म्हणाली.

डोरीनने फुलाला हात लावला. काढलं मात्र नाही.

चर्चच्या दारात बर्निस उभी होती, शेजारच्याच घरातली. तिची नजर डोरीनच्या पांढऱ्या फुलावर गेली, मग तिचा हात धरून चालणाऱ्या अल्विनाकडे. तिने काही बोलायच्या आत डोरीनने हलकेच मान हलवली.

"बिचारीची आई गेली गं," अल्विना बर्निसच्या कानाशी लागून म्हणाली, पण चार बाकांना ऐकू जाईल अशी. "एकटी आहे. आज आमच्यात बसू दे हिला."

नेहमीच्या बाकावर ती आधी बसली आणि शेजारची जागा थोपटली.

"ये, बस. पण जरा सरकून हं. माझी आई यायचीय."

डोरीन सरकली. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा राहिली.