केसरबाईंचे पुढचे चार दात

हे सगळे घडले २०११ साली, दिवाळीनंतरच्या थंडीत. मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, दातांच्या दवाखान्यातली. त्या साली मात्र मी नवी होते. माझी फिकट हिरवी गादी कुठे उसवलेली नव्हती आणि पायाने दाबायची कळ एका दमात मला वर उचलत असे.

माझा जन्म वसईच्या एका शेडमध्ये झाला. तिथून टेम्पोत आडवी पडून मी सिल्वासाला आले. डॉक्टर मीनाक्षी लग्नानंतर पुण्याहून इकडे आल्या होत्या. त्यांचे यजमान जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. दवाखाना दोन खोल्यांचा. औजारे उकळायला, पेशंटना नावाने हाक मारायला आणि मला पुसायला तलासरीकडचे भगवंत होते. ते मला पुसताना पुटपुटत, पण पुसत मात्र कानाकोपऱ्यापर्यंत.

माझ्यावर कोणी हौसेने बसत नसे. सुताच्या कारखान्यातले कामगार येत, खेरडीचे शेतकरी येत. टेकले की सगळ्यांचे हात आपोआप माझे हात घट्ट धरत. कोणाला किती दुखते आहे, हे मला त्या पकडीवरून डॉक्टरांच्या आधी कळे.

केसरबाईंची पकड सर्वांत घट्ट होती. त्या शहाद्याकडच्या. मुलगा गोकुळ सायलीला कामाला लागला, तशा त्याला भाकरी करून घालायला त्या इथे आल्या होत्या. सव्वा महिन्यावर, मार्गशीर्षात, गोकुळचे लग्न होते. गावाकडे हळदीची गाणी केसरबाईंनी उचलायची आणि बाकीच्या बायांनी मागून म्हणायची, अशी तीस वर्षांची रीत. आणि आता त्यांच्या पुढच्या चार दातांना वारासुद्धा सोसत नव्हता. गार पाणी नाही, चिंच नाही. मुलाच्या मोटारसायकलवर बसताना तोंडावर पदर. शेजारणीने सगळे दात काढून घेतले होते आणि ती सुखी झाली होती. म्हणून यांनाही चार काढून हवे होते. पण दातांच्या फटीतून नुसता वारा गेला, तर पोराच्या हळदीला गाणे कोण उचलणार, हा घोरही होता. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच श्वासात सांगितल्या.

मीनाक्षीबाईंनी आरसा लावून पाहिले. दात हलत नव्हते, किडलेले नव्हते. हिरडीजवळ मात्र झिजून त्यांना खाचा पडल्या होत्या. दाताचे वरचे टणक कवच गेले, की आतली बारीक बारीक छिद्रे उघडी पडतात आणि गार पाणी थेट दाताच्या नसेपर्यंत कळ नेते. त्यावर फ्लोराइडचे वार्निश लावतात. त्याने ती छिद्रे हळूहळू बुजतात. हे बाईंनी समजावून सांगितले आणि छोट्या ब्रशने पिवळसर, चिकट वार्निश लावायला घेतले.

केसरबाईंना ते पटले नाही. "पोरी, दात दुखी ऱ्हायनात ना, मंग तू त्यास्ले रंग काय लावस?"

भगवंत हसू दाबत म्हणाले, "मावशी, लग्नघर आहे. रंग लागायलाच हवा."

उद्या सकाळपर्यंत ब्रश करू नका, पेस्ट लावू नका, कडक काही चावू नका, असे बाईंनी बजावले. तंबाखू खाता का, हेही विचारले. केसरबाईंनी मान हलवून नाही म्हटले आणि त्या उठल्या. माझ्या उजव्या हातावर बोटाएवढा काळा डाग राहिला. भगवंतांनी तो स्पिरिटने पुसला.

आठवड्याने त्या परत आल्या. कणभरही फरक नव्हता. बाईंनी पुन्हा वार्निश लावले, पुन्हा तेच बजावले. दातांवरचे डाग त्यांना चहाचे वाटले. पुन्हा माझ्या हातावर तोच काळा ठसा. तो कसला, हे मला माहीत होते. केसरबाईंच्या पदराला बांधलेल्या डबीचा वास मला पहिल्याच दिवशी आला होता. पण मित्रांनो, खुर्चीला सांगता येत नाही.

तिसऱ्या खेपेला त्या निश्चय करूनच आल्या. लग्नाला तीन आठवडे उरले होते. "काढी टाक व माय. चार गयात ते गयात. गानं दुसरी कोनी म्हनी." हे म्हणताना त्या छताकडे पाहत होत्या. गोकुळ दारात उभा होता. आईने गाणे सोडायची गोष्ट काढलेली त्याने कधी ऐकली नसावी. 

मीनाक्षीबाई नव्या होत्या. आपले औषध दोनदा फसले, याची त्यांना लाज वाटत होती. खणखणीत दात काढायला त्यांचा हात धजत नव्हता आणि नाही म्हणायला तोंड नव्हते. त्यांनी बधिर करायची सुई भरली. माझी पाठ खाली केली. केसरबाईंनी माझा हात धरला आणि भगवंत पुढे वाकले. आज ठसा ओला होता. त्यांनी तो बोटावर घेऊन हुंगला.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "ही मिसरी आहे. माझी आई लावायची."

बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "मावशी, तुम्ही तर तंबाखू खात नाही म्हणालात."

"मिसरी काय खातंस का?" केसरबाई चकित होऊन म्हणाल्या. "ती तं लावतंस."

मग सगळे उलगडले. त्यांनी ब्रश केला नव्हता, पेस्ट लावली नव्हती. दोन्ही त्यांच्या घरातच नव्हती. घरी जाऊन त्या दातांवर लागलेला तो चिकट पिवळा थर भाजलेल्या तंबाखूने नीट घासून काढत, कारण डॉक्टरीणबाईंकडून येऊन दात मळके ठेवायचे कसे? त्या खाचाही अशाच बोटाने घासून तीस वर्षांत पडल्या होत्या. मीनाक्षीबाई रागावल्या नाहीत. चूक माझीही आहे, मी अर्धेच विचारले, असे त्या म्हणाल्या.

मिसरी सोडणे सोपे नव्हते. तिच्याशिवाय सकाळ होत नाही, पोट साफ होत नाही, डोके धरते, असे केसरबाईंनी नाना परींनी सांगितले. शेवटी म्हणाल्या, लग्नापर्यंत, त्याच्या पुढचा शब्द देत नाही. बाईंनी तेवढा शब्द घेतला. मऊ ब्रश दिला, फ्लोराइडची पेस्ट दिली आणि दर आठवड्याला वार्निश लावले.

शहाद्याला निघायच्या आदल्या दिवशी त्या शेवटच्या आल्या. बाईंनी हवेची नळी दातांवर धरून फुंकर सोडली. मी वाट पाहत होते. केसरबाईंचे हात माझ्या हातांवर नुसते टेकलेले राहिले. त्यांनी डोळे उघडले आणि तशाच आडव्या पडून हळदीच्या गाण्याची पहिली ओळ हळूच म्हणून पाहिली. भगवंत औजारे तशीच हातात धरून उभे राहिले.

त्याला आता बरीच वर्षे झाली. केसरबाईंनी ते लग्न गाजवले. पुढे त्यांनी मिसरी पुन्हा धरली, पुन्हा सोडली, आणि तिसऱ्यांदा सोडली ती कायमची. तीन वर्षांपूर्वी त्या गावी वारल्या; चारही दात जागेवर होते, असे गोकुळ सांगत होता. तो आता सुपरवायझर आहे आणि आपल्या मुलीला दर सहा महिन्यांनी दाखवायला आणतो. भगवंत तलासरीला घरी असतात, गुडघ्यांनी बेजार. मीनाक्षीबाईंचे केस पिकले. त्या आता प्रत्येकाला विचारतात, दातांना काय काय लावता, कशाने आणि कितीदा. त्यांच्याकडे विजेवर चालणारी खुर्ची आली आणि मी किलवणीच्या आरोग्य शिबिरासाठी दिली गेले. शिबिराला बाई येतात, तेव्हा सगळ्यांची खबर कळते. माझी कळ आता मला तीन दमांत वर उचलते.

मित्रांनो, दात झिजतात ते एका दिवसात नव्हे, आणि सावरतात तेही एका दिवसात नव्हे. औषधाला वेळ द्या, आणि डॉक्टरांनी विचारले नसले, तरी आपण होऊन सगळे सांगा. दोन आठवडे मला सगळे ठाऊक होते आणि मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.