माझ्या मुळांवरच्या गाठी

मी एक म्हातारा शिरीष आहे, मित्रांनो. वाढलो निलगिरीच्या बागेत, पण जातीने निलगिरी नव्हे. लोक झाडं लावतात ती फळासाठी, सावलीसाठी, नाहीतर लाकडासाठी. मला लावलं होतं शेजाऱ्यांना जेवू घालायला.

त्या बागेची माती थकली होती. निलगिरी वाढवायची, तोडायची, लाकूड गाडीत भरायचं, पुन्हा लावायची. मातीकडून नुसतं घेणंच चाललं होतं. नवी रोपं थोडे दिवस बरी दिसत, मग पानं पिवळी पडत आणि खोडं काठीसारखी किडकिडीत राहत. मालकांनी मुकादमांना बजावलं होतं, “ही लागवड भरली नाही, तर बाग मोडायची.” बाग मोडली की तिच्या कडेची मुकादमांची दोन खोल्यांची जागाही जाणार होती. तिथे ते, त्यांची बायको आणि नुकती चालायला लागलेली मुलगी राहत. त्यांच्या बायकोला सगळे कामगार वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

एक दिवस माती तपासणाऱ्या बाई आल्या. मूठभर माती हातात चुरून म्हणाल्या, “हिच्यात नत्र उरलेलंच नाही. निलगिरीच्या दोन ओळींच्या मधे शिरीष लावा. तो हवेतलं नत्र मातीत आणतो.”

“हवेतून खत?” मुकादम हसले. “मग आम्ही इतकी वर्षं पोती कशाला वाहिली? तोंड उघडून शेतात उभे राहिलो असतो!”

“तुम्ही खुशाल उभे राहा. पण त्याला शिरीषाचं मूळ लागतं.”

बाईंचं खरं होतं. आमच्या मुळांत सूक्ष्म जिवाणू राहतात. ते हवेतलं नत्र धरून आम्हाला देतात, आम्ही त्यांना साखर देतो. आमची पानं गळून कुजली की ते नत्र मातीत उतरतं आणि शेजारच्या निलगिरीच्या मुळांना मिळतं. पण हे सगळं सावकाश होतं. इतकं सावकाश, की माणसाचा धीर सुटावा.

मला पिशवीत रुजवलं ते वहिनींनी. मुलीला कडेवर घेऊन त्या रोज सकाळी रोपांमधून फिरत. मुलीच्या कपाळाला हात लावावा तसा पिशवीतल्या मातीला लावून बघत. कोण सुकलंय, कुणाच्या पानाखाली कीड बसलीय, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

“अगं, रोप शिंकलं तरी तू त्याला औषध पाजशील,” मुकादम चिडवत.

“हसा. टोमॅटोच्या वेळीही असेच हसला होतात.”

यावर मुकादम झारी उचलून पुढे सरकत. त्यांच्या परसातली टोमॅटोची रोपं एकामागून एक माना टाकत गेली होती. उपटून पाहिलं, तर मुळांवर गाठीच गाठी. मातीतून पसरणारा रोग होता तो. त्याचा धसका वहिनींच्या मनातून गेला नव्हता.

आम्ही बागेत गेलो. पहिलं वर्ष मुळं धरण्यातच गेलं. दुसऱ्या वर्षी आमची पानं गळू लागली आणि निलगिरीचा पिवळेपणा जरासा उतरला. अगदी जरासा. मुकादमांना तो फरक दिसलाही नाही, पण वहिनींना दिसला. “अहो, रंग धरलाय बघा!” म्हणत त्यांनी माझं खोड थोपटलं. तेवढं कौतुक माझं पुढे कुणी केलं नाही.

मग एका वादळात आमच्यातला एक शिरीष मुळासकट आडवा झाला. सकाळी वहिनी तिथे आल्या, खाली वाकल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

“अहो, इकडे या! लवकर या! गाठी!”

मुकादमांनी मूळ उचलून पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरला. त्यांनी बाईंना फोन लावला. बाई प्रवासात होत्या, फोन लागेना.

“आठवड्याभरात येतीलच बाई. थांबू या,” मुकादम म्हणाले.

“रोग थांबणारे का? निलगिरीला लागला तर? मालक काय म्हणालेत विसरलात? हिला घेऊन कुठे जायचं आपण?”

मुलगी आईच्या पदराला धरून उभी होती. मुकादमांनी तिच्याकडे पाहिलं आणि कामगारांना हाक मारली.

मित्रांनो, आम्हाला ओरडता येत नाही. ओळीच्या ओळी उपटल्या गेल्या आणि रस्त्याच्या कडेला जाळल्या गेल्या. माझं मूळ खडकाच्या फटीत शिरलं होतं. पहार वाकली, पण मी निघालो नाही. शेवटी मला बुंध्यापाशी छाटलं आणि नंतर बघू म्हणून सगळे पुढे गेले.

बाई आल्या तेव्हा माझ्या बुंध्याला पालवी फुटली होती. त्यांनी मोकळ्या ओळी पाहिल्या, सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याजवळ बसून माती उकरली आणि एका मुळावरची गाठ नखाने अलगद काढली. ती सहज सुटली. चिरडली, तर आतून गुलाबी.

“वहिनी, रोगाची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती अशी सुटून येत नाही. ही त्या जिवाणूंची घरं आहेत. हवेतलं नत्र इथेच धरलं जातं.”

वहिनी त्या गुलाबी ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे आधी का नाही दाखवलंत हो?”

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. “हवेच्या गोष्टी सांगत बसले. एक मूळ उपटून दाखवायला हवं होतं.”

पुन्हा शिरीष लावून वाट पाहण्याची मालकांची तयारी नव्हती. पोत्यांनी खत आलं, बरंचसं पावसात वाहून गेलं. निलगिरी पुन्हा काठीसारखी राहिली. फक्त माझ्या भोवतीची झाडं अशी भरली, की मुकादमांच्या दोन्ही पंजांच्या वेढ्यात मावेनात. पण अख्ख्या बागेत ती मोजकीच. मालकांनी शब्द खरा केला आणि बाग मोडली.

टेम्पोत सामान चढलं तेव्हा वहिनी माझ्याकडे आल्या.

“आई, हे झाड आपल्याबरोबर येणार?” मुलीने विचारलं.

“नाही गं बाळा. त्याला कसं नेणार?” त्यांनी माझ्या सालीवर हात ठेवला. “मी तुमच्या वाईटावर नव्हते रे,” एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या.

मला ते ठाऊक होतं. बागेवर त्यांच्याइतका जीव कुणाचाच नव्हता. ज्याच्यावर जीव असतो, त्याच्यासाठीच माणूस इतकं घाबरतं. मला त्यांना हे सांगता आलं नाही, याची रुखरुख अजून लागून आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. काळजी जरूर करा, पण तिला घाई करू देऊ नका. जे ओळखीचं नाही, ते उपटण्याआधी जाणत्या माणसाची वाट पाहा. आणि झाडाखाली पानं पडली तर ती जाळू नका, मातीत जाऊ द्या.

माझी पानं अजून गळतात. बागेच्या जागी आता ट्रक उभे राहतात. सावलीपुरतं मला तेवढं ठेवलं आहे आणि माझ्या बुंध्यापर्यंत सिमेंट आलं आहे. पहारेकरी रोज सकाळी पानं झाडून नीट ढीग करतो आणि काडी लावतो. त्यालाही वाटतं, आपण जागेची काळजी घेतो आहोत.