सगळ्यांच्या मापाची पेटी

मित्रांनो, घाबरू नका. मी आमच्या चर्चची जुनी शवपेटी आहे, पण या क्षणी अगदी रिकामी आहे.

माझा जन्म १९५३ सालचा. खाडीकाठच्या गरीब माणसांना अखेरच्या वाटेवर फळीवरून नेत, हे आमच्या पाद्रीबाबांना बघवेना. त्यांनी हरिश्चंद्र सुताराला बोलावले.

"माप कोणाचा घेव?" त्याने विचारले.

"सगळ्यांचं," पाद्रीबाबा म्हणाले.

सुताराने डोके खाजवले आणि गावातल्या सर्वांत उंच माणसाला, शिवाला, भिंतीशी उभे केले. माप कशाचे हे कळल्यावर शिवा आठ दिवस त्या वाटेला फिरकला नाही. माझी लांबी सहा फूट तीन इंच भरली. लाकूड फणसाचे.

माणसाला मी कबरीपर्यंत नेते. तिथे त्याला चादरीसकट मातीत ठेवतात आणि मी परत येते. काम चांगले होते. पण लोक मला 'गरिबांची पेटी' म्हणू लागले. ऐपतवाले आपली पेटी वेगळी करवून घेत.

१९५८ साली होडीवाला बाबुश वारला. त्याची मुलगी लूर्डस मला पाहून दारात आडवी उभी राहिली.

"माझ्या पापान जल्मभर लोकांची होडी वल्हयली. आता जातानाव लोकांचीच पेटी? फळयेर घालून न्हेवा, पण ह्येच्यात नको!"

तेवढ्यात जमीनदारीण कार्मीनबाय पुढे झाल्या. बाबुश त्यांचीच होडी वल्हवत असे.

"गो लूर्डस, माझी सागवानी पेटी माळ्यार तयार आसा. ती घे."

"उपकार नको, बाय. तुम्ही ह्येच्यातसून जातलास काय?"

कार्मीनबायनी माझ्यावरून हात फिरवला.

"जातलंय," त्या म्हणाल्या. मग मागे वळून आपल्या मुलग्यांवर ओरडल्या, "बघतास काय रे? खांदो द्या!"

लूर्डस बाजूला झाली. कब्रस्तानाची वाट उताराची आहे. उतारावर पुढच्या दोघांवर जास्त भार येतो, हे मी अनुभवाने सांगते. त्या दिवशी पुढे कार्मीनबायचे दोन्ही मुलगे होते.

दुसऱ्याच आठवड्यात कार्मीनबायनी आपली सागवानी पेटी खाली उतरवून सुतारापुढे ठेवली.

"मोडून शाळेक बाक कर."

"बाय, इतकी घाई कित्याक?"

"माझ्या झिलांचो भरवसो नाय, रे! मी गेल्यार माका ह्येच्यातच घालतले!"

त्यातून दोन बाक निघाले. त्यांवर बसणाऱ्या मुलांना हे ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका.

१९६४ साली कार्मीनबाय गेल्या, तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्या घराची पायरी चढले. त्या लहानखुऱ्या होत्या. उतारावर त्या हलू नयेत म्हणून लूर्डसने दोन्ही बाजूंना चादरींच्या घड्या नीट दाबून बसवल्या. खांद्यासाठी इतके जण पुढे आले, की वाटेत चारदा माणसे बदलावी लागली.

त्यानंतर मला कोणी 'गरिबांची' म्हटले नाही. आता मी नुसती पेटी आहे.

मित्रांनो, एकच मागणे. माझ्यावर खुर्च्या रचू नका. पावसाळ्याआधी काजूच्या टरफलांचे तेल लावा, म्हणजे वाळवी लागणार नाही. बाकी मी समाधानी आहे. मला कसलीही घाई नाही. तुम्हीही करू नका.