छपरावरची पाहुणी

लुशच्या छपरावरची पेटी काढायला कंपनीची गाडी आली, तेव्हा मी भिंतीपलीकडं मक्याला माती लावत होतो. कुदळ तिथंच टाकली. लुशच्या अंगणात आवाज चढला की आमच्या खोऱ्यात कुणाचा कामात जीव राहत नाही.

राज्य बदललं आणि आमच्या देशात फोनवाल्यांचं पीकच आलं. त्यातल्या एका कंपनीनं लुशच्या दगडी घरावर खांब आणि सिग्नलची पेटी बसवली. त्या दिवशी लुशनं सगळ्यांना घरची दारू, राकी पाजली आणि शब्द दिला, की माझ्या घरी आलेल्या पाहुण्याच्या केसाला धक्का लागणार नाही. पेटीला केस नव्हते, पण शब्द तो शब्द.

त्याच्या बायकोला, द्रानाला तर पेटीत बाईच आहे असं वाटे. इटलीत दिलेल्या लेकीचा, लिझाचा फोन बंद असला की आतून कुणी बाई गोड आवाजात सांगायची, "आपण ज्यांना फोन केला आहे, ते सध्या उपलब्ध नाहीत." द्राना म्हणायची, "आसू दे बाई, तुझा काय दोष." रोज सकाळी ती पेटीपाशी कॉफीचा कप ठेवून यायची. गार झाला की लुश गुपचूप पिऊन टाकायचा.

आता लिझाचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, तेही परमुलखात. पेटी गेली तर लेक सुटली की नाही, हे बसच्या ड्रायव्हरकडून कळणार. द्राना उंबऱ्यात बसून नुसती डोक्याच्या रुमालाशी चाळा करत होती. मला तिच्याकडं बघवेना.

कंपनीचा माणूस ज्योवालिन. आमच्याच डोंगरातला, पण शहरातले बूट घातलेला.

"काका, खिंडीपल्याड मोठा टावर झालाय. कंपनी वाढली. ही जुनी पेटी आता दुसरीकडं न्यायचीय."

"त्या टावरचं हितं काय येतंय?"

"हितं न्हाई. खिंडीत येतंय."

"मंजी कंपनी वाढली आन आमचा फोन गेला."

"वरनं हुकूम हाय, काका."

"हुकूम तुला हाय. पाहुणीला कुणी इचारलं?"

"पेटीला इचारू?"

"तू डोंगरातलाच न्हवं? पाहुण्याला घरातनं कुणी वढून नेतंय का? जायचं आसंल तर जाऊ दे. म्या बंदूक घिऊन पोचवाया येतो, रीतच हाय आपली. तिनं माघारी फिरा म्हनलं की फिरतो."

ज्योवालिन तोवर लुशच्या घरचं चीज आणि मक्याची भाकरी खाऊन बसला होता. आता नाही म्हणायची सोय नव्हती. पेटी खाली आली. द्रानानं ती आपल्या लग्नातल्या शालीत गुंडाळली. पुढं खांद्यावर बंदूक टाकून लुश, मागं बैलाच्या चालीनं गाडी आणि तिच्या मागं मी. असला तमाशा सोडून मक्यात कोण बसतंय?

खिंडीत गावाची शीव आली. ज्योवालिन गाडीतून उतरला.

"काका, फिरा आता."

"तू न्हवं. ती म्हनू दे."

ज्योवालिन वैतागला. त्यानं आपल्या फोनवरून द्रानाचा नंबर लावला आणि फोन लुशच्या कानाला धरला. खाली खोऱ्यात आता काही पोचत नव्हतं. बाई बोलली, ती मलाही ऐकू आली. ते उपलब्ध नाहीत म्हणाली, आणि कृपया थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा, असंही म्हणाली.

"माघारी फिरा म्हनली?" लुशनं ज्योवालिनला विचारलं.

"न्हाई."

"मग काय म्हनली?"

"थोड्या वेळानं परत..."

"मग बसू थोडा वेळ." लुशनं बंदूक मांडीवर घेतली आणि तो शिवेच्या दगडावर बसला.

मग लुश हळूच म्हणाला, "पोरा, पेटीत बाई न्हाई, येवढं मला कळतंय. मी खुळा न्हाई. पर रिकाम्या हातानं घरी जाऊन हिला काय सांगू?"

तेवढ्यात ज्योवालिनचा फोन वाजला. ऑफिस होतं. पेटी निघाली का, म्हणून विचारत होतं. ज्योवालिननं लुशकडं बघितलं, शालीतल्या पेटीकडं बघितलं आणि फोन बंदच करून टाकला.

"काका, चला खाली," तो म्हणाला. "साहेबाला काय सांगायचं ते तीच सांगंल."

दिवस मावळायच्या आत पेटी छपरावर चढली. ऑफिसातून साहेब सारखा फोन लावत होता म्हणे, आणि बाई त्याला न रागावता तेच ते सांगत होती. पुढं कंपनी इतकी वाढली, की तिची कुठली पेटी कुठं आहे हे तिचं तिलाच कळेनासं झालं. आमची राहून गेली.

लिझाचा फोन रविवारी आला. मुलगी झाली. बाळ तिकडं रडत होतं, द्राना इकडं. मग डोळे पुसून तिनं कॉफी केली, दोन चमचे साखर जास्त घातली आणि शिडी चढून पेटीपाशी कप ठेवून आली.

कप गार झाला. लुशनं त्या दिवशी त्याला हात लावला नाही.