सत्तर सेंटात डॉलर

ऑरिन हाउगनने आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दुकानात घेतली नव्हती, आणि बऱ्याचशा वस्तू कुठल्याच दुकानात घेतल्या नव्हत्या. गवत कापायच्या यंत्राचे भाव त्याने तीन उन्हाळे ताडून पाहिले. तोवर अंगणात ससे राहायला आले. बायकोला, अर्डिसला, नॉर्वे दाखवायचा म्हणून तो अकरा वर्षं विमानांची भाडी बघत होता. तिचे आजोबा जिथून मिनेसोटात आले, ते समुद्रकाठचं गाव तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच. त्यासाठी नऊ हजार शंभर डॉलर बँकेत वेगळे काढलेलेही होते. पण तिकिटाचा विषय निघाला की ऑरिन म्हणायचा, "थांब, मंगळवारी भाव पडतात." असे पाचशेवर मंगळवार होऊन गेले.

यंदाच्या वसंतात त्याला भाकितांचा बाजार सापडला. पुढे काय घडणार यावर फोनमधून चिठ्ठ्या विकणारी ही अ‍ॅप्स. म्हटलं तसं घडलं, तर चिठ्ठीमागे एक डॉलर. नाही तर भोपळा. शनिवारी ऑस्लोला नॉर्वे आणि पराग्वेचा मैत्रीचा फुटबॉल सामना होता. फुटबॉल ऑरिनने जन्मात पाहिला नव्हता, पण नॉर्वे म्हणजे घरचंच.

नऊ दिवस तो वाचनालयात तळ ठोकून बसला. पाच अ‍ॅप्सचा त्याने तक्ता केला. कोण किती दलाली कापतं, पैसे भरायला आणि काढायला किती दिवस, कुठे गाडीचा परवाना हातात धरून फोटो काढावा लागतो, कुणाला डॉलर चालत नाहीत, डिजिटल नाणीच लागतात. मदतीचा फोन उचलायला कोण किती मिनिटं लावतं, तेसुद्धा त्याने घड्याळ लावून पाहिलं. एका अ‍ॅपवर सत्तेचाळीस मिनिटं सनई ऐकावी तसं तो त्यांचं संगीत ऐकत बसला होता.

आणि नवव्या दिवशी त्याला घबाड दिसलं. एका अ‍ॅपवर नॉर्वे जिंकण्याची चिठ्ठी पन्नास सेंटला होती, दुसऱ्यावर पराग्वे जिंकण्याची वीस सेंटला. दोन्ही घेतल्या तर सत्तर सेंट. दोघांपैकी एक जिंकणारच, म्हणजे हातात डॉलर! जगातल्या एकाही शहाण्याच्या हे लक्षात येऊ नये, याची त्याला मनापासून कीव आली.

प्रत्येक अ‍ॅपवर तिसरी ओळ होती, 'बरोबरी' अशी. ऑरिनने ती तक्त्यातून खोडली. बेसबॉल असो नाही तर बास्केटबॉल, निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळतात, हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत. तीन तास बसवून निकाल न लावता प्रेक्षकांना घरी धाडायचं, असला अचरटपणा कोण सहन करेल?

गुरुवारी सकाळी कॅफेत त्याने तक्ता मित्रांपुढे पसरला. व्हर्लिनने तीस वर्षं शाळेची बस हाकली होती, लोवेलचं खिळेमोळ्यांचं दुकान होतं. दोघांचेही नातू फुटबॉल खेळायचे.

"फुकटचे एकोणचाळीसशे डॉलर," ऑरिन म्हणाला. "नॉर्वेच्या पैशात नॉर्वे बघून येतो."

व्हर्लिन कॉफीत बघत राहिला. "हे म्हणजे... वेगळंच आहे हो."

"वेगळंच," लोवेल म्हणाला. "आणि ती बरोबरी बघितलीस ना तू? नाही, बघितलीच असशील."

"भोळ्यांसाठी असते ती."

"असं होय. बरं बरं."

आमच्या गावात कुणी कुणाला चुकलास म्हणत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागली, तरी आधी हवेबद्दल बोलतात आणि मग आज जरा उबदार वाटतंय ना, असं विचारतात. कॉफी ओतणारी मारिबेल मूळची मेक्सिकोची, फुटबॉल तिच्या रक्तात. पण इथल्या वीस वर्षांत तीही नासली होती.

"ऑरिन, मैत्रीचे सामने ना, कधीकधी..." ती म्हणाली.

"कधीकधी काय?"

"काही नाही. अ‍ॅपल पाय देऊ का थोडा? आज ताजा आहे."

ऑरिनने अ‍ॅपल पाय खाल्ला आणि घरी जाऊन नॉर्वेसाठी ठेवलेल्या सगळ्याच्या सगळ्या नऊ हजार शंभर डॉलरच्या चिठ्ठ्या घेतल्या.

शनिवारी सकाळी अकराला कॅफेतला टीव्ही लागला. ऑरिन निवांत होता. कुणीही गोल केला तरी तो टाळ्या वाजवत होता. एक-एक झालं. शिट्टी वाजली. खेळाडू गळाभेटी घेऊन एकमेकांचे सदरे अदलाबदल करायला लागले.

"हे कपडे का काढताहेत?" ऑरिनने विचारलं. "जादा डाव कधी सुरू होणार?"

मारिबेलने टीव्हीचा आवाज कमी केला. "संपलं ते, ऑरिन."

"मग जिंकलं कोण?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही म्हणजे? कुणीतरी जिंकलंच असेल ना!"

मारिबेलने नकारार्थी मान हलवली. ऑरिनने तिच्याकडे बघितलं, मग दोघा मित्रांकडे. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"एवढा पाच अ‍ॅप्सचा तक्ता केलेलास तू," व्हर्लिन टेबलाला म्हणाला. "आम्हाला वाटलं, वाचलं असशील. आणि मी म्हटलं होतं की, वेगळंच आहे म्हणून."

दुपारी घराच्या पायरीवर खिमा-बटाट्याच्या हॉटडिशची तीन भांडी येऊन पडली, वर फॉइल घट्ट लावलेली. आमच्याकडे कुणी गेलं की अशी भांडी येतात. अर्डिसने ती एकेक करून आत आणली. ऑरिन स्वयंपाकघरात उभा होता.

"अर्डिस, नॉर्वेचे पैसे गेले."

"ठाऊक आहे. गुरुवारी संध्याकाळी मारिबेल येऊन गेली. तुला सांगायचा धीर झाला नाही तिला."

"गुरुवारी? मग तू का नाही सांगितलंस? चिठ्ठ्या परत विकता आल्या असत्या!"

"पन्नास वर्षांत तुला सांगून कधी काही कळलंय, ऑरिन?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त घाबरला. "गोधड्या विकून साठवलेले माझे थोडे होते. शुक्रवारी तिकीट काढलं मी. तीन जूनचं."

ऑरिनला एकदम भरून आलं. एवढं होऊनही ही बाई आपल्याला नेते आहे! डोळे पुसून त्याने विचारलं, "कुठल्या साइटवरून काढलंस?"

"पहिली उघडली तिथून. खिडकीची जागा घेतली, तिचे वेगळे पैसे पडले."

"आणि माझी कुठली? शेजारचीच ना?"

अर्डिसने एका भांड्यावरचं फॉइल सोडवलं आणि ते ओव्हनमध्ये सरकवलं.

"तुझं तू सावकाश बघ," ती म्हणाली. "मंगळवारी भाव पडतात."