सुंदररावांचं मत

सुंदरराव साखर कारखान्याचे संचालक. न्यूमोनिया होऊन ते बीडच्या एका खासगी दवाखान्यात आयसीयूत पडले, तेव्हा घरच्यांपेक्षा जास्त घोर संचालक मंडळाला लागला. चेअरमनच्या निवडीत दोन्ही गट बरोबरीत होते आणि सुंदररावांच्या एका हातावर सगळं अडलं होतं. त्यांचा मुलगा राधाकिशन रोज यायचा आणि बापाचं कपाळ सोडून हातच चाचपून बघायचा.

तपासणीत थायरॉइड फार कमी निघालं. सुंदररावांच्या बायकोला, केसरबाईंना, उलट हायसं वाटलं. नवऱ्याचं दुखणं ओळखीचं निघालं! त्यांनाही थायरॉइडच होतं. अंथरुणातून उठवत नव्हतं, आणि रोजच्या एका गोळीनं त्या पुन्हा चुलीपुढं येऊन बसल्या होत्या.

"या थायरॉइडला गोळी द्यायची नाही," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या दुखण्यात ते आपोआप उतरतं. ऊस नसला की तुम्ही बॉयलर मंद ठेवता ना? शरीर तेच करतंय. दुखणं हटलं की येईल वर. आत्ता जोर लावला तर हृदयाला झेपायचं नाही."

आणि हे सांगितलं कुणाला, तर राधाकिशनला! या पठ्ठ्यानं भर दुष्काळात, शिवारात ऊस नसताना, गव्हाणीत उसाची मोळी टाकून गाळपाचा हंगाम सुरू करायला लावला होता. भाषणं झाली, फोटो निघाले आणि हार सुकायच्या आत कारखाना बंद पडला.

जिन्यात त्यानं आईला गाठलं. "आई, तुझ्या गोळ्या हायेत ना पिशवीत? आबाच्या पेजंत घाल."

"डागदर नको म्हनला रं."

"तू कशानं उठलीस मग? आबा कावून उठनार न्हाईत? का त्यांनी उठूच नये असं हाय तुझ्या मनात?"

असं कुणी आईला विचारतं का? पण त्यानं विचारलं, आणि ते तिच्या काळजाला लागलं. केसरबाई रोज नळीतून द्यायच्या पेजेत गोळ्या चुरू लागल्या. आपल्याला एक लागते, मग एवढ्या थोराड गड्याला एक कशी पुरेल, असा त्यांचा भाबडा हिशेब.

काही दिवसांत सुंदररावांनी खरंच डोळे उघडले. तोंड लालबुंद झालं, घाम सुटला, हात थरथरू लागले. नाडी एवढी का धावतेय, डॉक्टरांना कळेना. केसरबाई मात्र आनंदानं रडल्या. राधाकिशननं स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आणि डॉक्टर ओरडत असताना बापाला गाडीत घातलं.

सभागृहात त्यांना खुर्चीत टेकवलं. सोबतीला म्हणून केसरबाईंनाही आत घेतलं. सुंदररावांना धाप लागली होती, नजर कुठंच ठरत नव्हती. नाव पुकारल्यावर राधाकिशननं त्यांचं कोपर धरून हात वर केला. तो मोजला गेला. बाहेर फटाके वाजले. कोपर सुटलं तसा हात खाली आला आणि पाठोपाठ मान कलली.

केसरबाईंनी हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. काही उपयोग झाला नाही.

एवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "रक्ताचा रिपोर्ट आलाय, थायरॉइड एवढं वर कसं गेलं? त्यांना काय दिलं होतं तुम्ही?" राधाकिशननं तो कापला, नव्या चेअरमनच्या मिठीतून अंग सोडवलं आणि आईजवळ वाकला.

"कुनी इचारलं तर सांग, गोळ्या तूच दिल्यास. माझं नाव न्हाई घ्यायचं."

केसरबाई नवऱ्याचं धोतर नीट करत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"मीच दिल्या की," त्या म्हणाल्या. "आनखी एक द्यायला पायजे व्हती."