दातांपाशी तेवीस

"आठ नंबरची नळी देऊ?" मामांनी विचारलं.

"साडेसात. घसा सुजलाय."

टेबलावरच्या तरुणाला भांडणात कुणीतरी लोखंडी गजाने मारलं होतं. जबडा कलला होता, तोंडात रक्त साठत होतं. भूलतज्ज्ञ बाईंनी ते खेचून काढलं, जीभ बाजूला सारली आणि श्वासाची नळी आत सरकवली. मामा वॉर्डातले जुने सेवक. त्यांनी नळीला फुगा जोडला आणि दाबायला सुरुवात केली.

बाई बावीस वर्षं लोकांना झोपवत आल्या होत्या. जागे झालेले लोक सर्जनचे आभार मानत. बाईंचा चेहरा त्यांनी पाहिलेलाच नसे. "आपलं नाव पेशंट गेला तरच निघतं," मामा म्हणत.

बाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे हवा जात होती. डावीकडे काहीच नाही. दातांपाशी नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा सव्वीस होता.

"खोल गेलीय, एकाच फुप्फुसात. मागे घेते, तेवीसवर."

नळी हळूहळू बाहेर येत होती, आणि दाराच्या काचेतून तरुणाचा थोरला भाऊ बघत होता.

"नळी काढतायत. मारतायत त्याला."

कडी तुटली. सलाइनचा स्टँड मामांच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडलेलं बाईंना ऐकू आलं. पुढची मूठ त्यांच्या तोंडावर आली. चष्मा उडाला. त्यांनी नळी तेवीसच्या खुणेवर चिमटीत धरली आणि हात तरुणाच्या गालावर टेकवून ठेवला.

"सोड ती."

"सोडली तर जाईल तो."

भावाने त्यांचे केस धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. तुटलेला दात जिभेवर आला. चिमटी हलली नाही.

"मामा, दाबा."

फुगा नळीलाच लोंबत होता. मामांनी तो डाव्या हाताने दाबला.

"छाती बघ त्याची," बाई भावाला म्हणाल्या. "दोन्ही बाजू."

दोन्ही बाजू उचलल्या. खाली बसल्या. पुन्हा उचलल्या.

केसांवरची पकड सुटली. "मला वाटलं..."

"ते नंतर. ट्रेमध्ये चिकटपट्टी आहे. फाड, आणि गालावरून नळीला गुंडाळ. माझ्या बोटांच्या अगदी जवळ."

त्याने पट्टी दातांनी फाडली. दोनदा ती त्याच्याच अंगठ्याला चिकटली. मग नीट बसली.

"मामा, किती?"

मामा वाकले. "दातांपाशी तेवीस." मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तुमचा मात्र एक गेला."

"अजून एकतीस आहेत."

बाई बोटं सोडवायला गेल्या. ती उघडेनात. भाऊ पुढे झाला आणि नळीला धक्का लागू न देता त्याने ती एकेक करून सरळ केली.